स्वभावाचा रकाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय राघोकाका, व्यासपीठावरील मान्यवर, आणि सरोजताईंनी लग्नं जमवून दिलेल्या, इथे आवर्जून आलेल्या सर्व जोडप्यांनो, सप्रेम नमस्कार.

कल्याणच्या आपल्या वधूवर मंडळातून ताई आज एकतीस वर्षांनी निवृत्त होत आहेत. मंडळाचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून खात्रीने सांगतो. त्यात ‘स्वभाव’ असा एक रकाना आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाने तिथे एकच शब्द लिहिलाय, ‘मनमिळाऊ’. हसू नका काका, तुमच्या मुलाच्या फॉर्मातही तोच आहे. सगळेच जर एवढे मनमिळाऊ, तर मग वकिलाकडे जातं कोण?

आम्ही जातो. मी बाळकुमचा, संचिता शहाडची. लग्न ताईंनीच जमवलेलं. गेल्या वर्षी तिच्या बाबांचं ऑपरेशन होतं. सकाळी अकराला येतो म्हणालेलो, पोचलो दुपारी चारला. ऑफिसातून सोडलंच नाही, असं सांगितलं. ती विचारत राहिली, मी आधी वाद घातला, मग बोलणंच टाकलं. सात महिने झाले, ती माहेरी आहे. येत्या सोमवारी वकिलाकडे घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायच्या आहेत.

तापट माणसांचे संसार टिकलेले मी या मंडळात पाहिलेत. मी शांत आहे. लोक कौतुकही करतात. पण आठ-आठ दिवस गप्प बसणाऱ्या माणसासोबत राहायला काय लागतं, ते संचिताला विचारा.

महिन्यापूर्वी ताईंनी आम्हाला बोलावलं आणि दोन कोरे फॉर्म पुढे सरकवले. म्हणाल्या, “स्वभाव लिहा. स्वतःचा हं. दुसऱ्याचा तुम्हाला तोंडपाठ आहे.” संचिताने दोन मिनिटांत लिहिलं, ‘मला लगेच उत्तर लागतं. नाही मिळालं की मी वाट्टेल ते बोलते.’ मी अर्धा तास पेन धरून बसलो. शेवटी ताई म्हणाल्या, “ने रे घरी. स्वभाव जात नाही सहदेव, पण निदान सांगता तरी येतो.”

आजच्या वक्त्यांत माझं नाव ताईंनीच घातलं. का, ते संचिताला मागच्या रांगेत बसलेली पाहिल्यावर कळलं.

तो फॉर्म मी आणलाय. काल भरला. वाचतो. ‘स्वभाव: चूक कळते, पण कबूल करत नाही.’

ताई, मंडळाच्या वतीने तुमचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं.

आणि संचिता, त्या दिवशी ऑफिसात काही काम नव्हतं. मी विसरलो होतो. माझं चुकलं. मला माफ कर. सोमवारी सही करायची की नाही, ते तू ठरव. मी अकराला तिथे असेन.