दहा बटणांची पेटी

हॅलो?… कोण?… अगं, तू होय! बोल… नाही गं, रागावलोबिगावलो नाही. सकाळी सातपासून बोलिंगच्या हॉलचं दार उघडून बसलोय, एवढंच. दोन वर्षांत तुझी लेक आज पहिल्यांदाच सरावाला आली नाही. म्हटलं, मामा आठवत नसेल…

कुठे?… तिच्या बाबांकडे? त्या नव्या हॉलमध्ये?… हो, हो… अगं ऐक ना, ठाऊक आहे मला ती पेटी! चार जण येऊन तिचे गोडवे गाऊन गेले. दहा पिना, दहा बटणं. दाबाल ती पिन उभी, बाकीच्या वर मशीनमध्येच. म्हणजे पहिल्या बॉलला जी पिन हमखास मागे राहते, तिच्यावरच नेम धरून बसायचं. स्पेअरचा, म्हणजे उरलेली पिन दुसऱ्या बॉलने पाडायचा सराव! यात तुझ्या नवऱ्याने नवीन काय केलं? मी तेच करत आलोय. हाताने!

किती?… तासाला चाळीस बॉल? कोपऱ्यातल्या एका पिनवर?… आणि माझ्याकडे?… बारा. बरं, बारा. अगं, मला प्रत्येक वेळी लेनच्या मागे जावं लागतं, वाकून नऊ पिना काढाव्या लागतात, एक ठेवावी लागते. माझ्या कमरेला बटण नाही!

आणि पेटी काय जीव ओतून शिकवणार? एकदा भर सामन्यात मशीनने दहावी पिन गिळली, तेव्हा तिच्या जागी कोण उभं राहिलं? मी! पांढरा शर्ट, गळ्याला लाल रुमाल. त्या खेळाडूने मला असा आडवा केला की पंचांनी स्पेअर दिला… हसू नकोस. पंच वारले, नाहीतर साक्ष दिली असती.

बरं, फोन कशाला केलास?… बिघडली? पेटी?… नाही गं, आनंद कसला, ठसका लागला मला.

सावकाश सांग. दहा दाबलं की… डाव्या कोपऱ्यातली? सात नंबरची? आणि सात दाबलं की उजवीकडची दहावी… दोनला तीन, तीनला दोन… मधल्या एक आणि पाच मात्र जागच्या जागी?… हा हा हा! थांब, थांब, पाणी पितो…

अगं, त्याने पिना मागून मोजल्या! आम्हा मिस्त्रींचा सगळा जन्म मशीनच्या मागे जातो ना, आमची डावी ती खेळणाऱ्याची उजवी. बटणांवरचे आकडे फक्त अदलाबदल करून… हात्तिच्या! सांगून बसलो की!

नाही, नाही, तू काही ऐकलं नाहीस. आणि कुठलं बटण कुठे, ते मी सांगणारच नाही… त्या हॉलचे मालक चारला येणार? मग? पसंत पडली तर सगळ्या लेनवर बसवणार, होय? आणि वर नाव तुझ्या नवऱ्याचं. वा! मी वाकून वाकून म्हातारा झालो, आणि लेक म्हणणार, माझे बाबा केवढे हुशार!

रडतेस काय?… बरं, बरं. एकच अट. दे त्याला फोन. लेकीसमोर माझं नाव घेऊन म्हणू दे, कल्पना दादांची. मग सांगतो.

बोला, मेहुणे… हं… काय? मान्य? लगेच?… नाही, मला वाटलं थोडं तरी भांडाल. लेक आहे ना शेजारी? मोठ्याने बोला… मालकही आले? लवकर? मग तर घसा साफ करून बोला!… ऐकतोय. 'कल्पना दादांची'… हं, पुन्हा एकदा… छान.

काय?… नकाशा? कुठला नकाशा?… माझ्या मशीनमागे भिंतीवर पिनांचा चिकटवलाय तो? हो, माझ्याच हातचा. तुम्ही माझ्या हाताखाली होतात तेव्हा वहीत उतरवून घेतलात… आणि पेटीच्या तारा त्यावरूनच जोडल्या… आकडे जसेच्या तसे…

म्हणजे मालकांना तुम्ही नेमकं काय सांगितलंत?… कल्पना दादांची. आणि उलटे आकडेही दादांचे.

कोण हसतंय तिथे?… भाची? तिला म्हणावं, उलटे नाहीत ते! मागून बघितलं तर बरोबरच आहेत! मालकांना म्हणावं, जरा मशीनच्या मागे येऊन उभे राहा… काय म्हणतात?… गिऱ्हाईक पुढून खेळतं. ते मलाही कळतं!

अहो, कुणी हात लावू नका पेटीला! भाचीनेसुद्धा नाही! माझी आहे ना? सगळ्यांसमोर बोललात ना? मग मीच येऊन करतो… निघालो. चप्पल सापडत नाहीये एक… ठेवा आता. ठेवा म्हणतो ना!