सासूबाईंना टेकून

बाळंतिणीला सल्ले नकोत, आधार द्या, असं लंडनहून स्तनपानाचं शास्त्र शिकून आल्यापासून मी सांगत सुटलेय. परवा चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत एका मेजरच्या घरी गेले. बाळ अंगावर पीत नव्हतं, त्यांची बायको सई रडकुंडीला आलेली, पावडरच्या दुधाचा डबा उघडायच्या बेतात.

साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अळीव खा."

शेजारच्या पम्मी आंटींनी पंजाबी बाळंतिणींचा खाऊ सुचवला, "पंजीरी खिलाओ जी!"

मी म्हटलं, "सई, बाळावर वाकू नकोस. मागे टेकून त्याला जवळ घे. काकू, तुम्ही तिच्या पाठीशी बसा."

सई सासूबाईंना टेकली, सैलावली. बाळानं मोठा आ केला आणि गटागट प्यायला लागलं.

सासूबाई कुजबुजल्या, "नाक खाजतंय गं, पण मी हलायची नाही."

पम्मी आंटींनी हळूच पुढे होऊन त्यांचं नाक खाजवलं.