ओला चेंडू

पच्च!... असा आवाज यायचा. इतरांचा चेंडू झेलणाऱ्याच्या हातमोज्यात गेला की फाट्‌ वाजायचं, कोरडं, ऐटबाज, आणि माझा गेला की पच्च. का? तर तो ओला असायचा. ओला कशानं? माझ्या थुंकीनं. नाकं मुरडू नका हो, तुम्हाला सांगतो, त्या काळी बेसबॉलमध्ये ते नियमात बसायचं, आणि थुंकणं हाच माझा धंदा, त्याला मी काय करणार?

एल्म झाडाची साल चघळत राहायची, म्हणजे तोंडाला बुळबुळीत पाणी सुटतं. हातमोजा तोंडासमोर धरायचा, चेंडूच्या एका बाजूला ते लावायचं आणि फेकायचा. जातो सरळ, सरळ... आणि फलंदाजापाशी पोचला की पायरी चुकल्यासारखा खाली पडतो. माझा कोरडा चेंडू म्हणाल तर कुणीही मारला असता, आमच्या गावच्या पाद्र्यानंसुद्धा. आईला या सगळ्याची इतकी लाज, की तिकडे गावी, आयोवात, चर्चमधल्या बायकांना ती सांगायची, आमचा एमिल रेल्वेत आहे.

सात वर्षं लहानसहान गावांच्या संघांतून थुंकत थुंकत शेवटी मोठ्या संघात पोचलो, जरा स्थिरावतोय तोच १९२० साल उजाडलं आणि वरच्या लोकांनी ठरवलं, थुंकी बंद. घाण दिसते म्हणे. एवढी वर्षं काय अत्तर दिसत होतं? दया इतकीच केली की प्रत्येक संघानं दोन जुन्या थुंकणाऱ्यांची नावं द्यावीत, त्यांना त्या मोसमापुरती सूट. आणि आम्ही होतो तिघं!

टेक्सासात सरावाचे सामने चालले होते. आमचे मॅनेजर गिलहूली साहेब, फार कमी बोलणारा माणूस. एक नाव त्यांनी कागदावर लिहिलंच होतं. राहिलो मी आणि तो टॉलिव्हर, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मला म्हणे, ‘काका, तुम्ही आता घरी जा आणि कुंड्यांना पाणी घाला. तोंडानं.’ सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाऊन करू काय? गावी होता मांसाचा कारखाना, दिवसभर डुकरं सोलायची. थुंकणं हाच माझा धंदा, दुसरं येतंय काय?

शेवटच्या सामन्याला साहेब म्हणाले, ‘एमिल, आजचा सामना राख, तुझं नाव लिहितो.’

आणि राखत आणला हो! शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढे, एकच गडी बाद करायचा राहिलेला, त्यांचे दोघं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, धाव पुरी करायला टपलेले. मी सालीचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि असा थुंकलो, असा थुंकलो, की आईनं पाहिलं असतं तर तिनं गाव सोडलं असतं. फलंदाज फसला. बॅटला जेमतेम लागून चेंडू टुणटुणत माझ्याच पायाशी आला. आता काय? फलंदाज पळत पहिल्या बेसवर पोचायच्या आत चेंडू तिथे उभ्या आमच्या डच फेनरकडे द्यायचा, की संपलं. फक्त द्यायच्या आधी तो पँटला पुसायचा. प्रत्येक थुंकणारा पुसतो. इतकी वर्षं मी पुसत आलो. आणि त्या दिवशी, आनंदाच्या भरात... नाही पुसला.

बोटं नेमकी ओल्या बाजूवर. चेंडू डचकडे निघाला सरळ, सरळ... आणि त्याच्या हातमोज्यापाशी पोचून खाली पडला, दोन पायांमधून थेट कुंपणाला! तुम्हाला सांगतो, इतका सुंदर चेंडू मी जन्मात टाकला नव्हता. त्यांचे दोघंही पळत आले, सामना गेला. डच बिचारा वाकून स्वतःच्याच पायांमधून मागे बघत म्हणतोय, ‘अरे, मी आपल्यातला ना रे?’ थुंकणं हाच माझा धंदा...

गिलहूली साहेब सावकाश चालत माझ्यापाशी आले. मी तोंडातली साल काढून हातात धरली. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, ‘साहेब, पडला मात्र झकास.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सालीकडे पाहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. क्षणभर बरं वाटलं हो... मग तो हात उचलला आणि ते टॉलिव्हर उभा होता तिकडे निघून गेले.