उजेडानं बदलणारी चिप

सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसलेल्या यशोदाबाईंना समोरचं नीट दिसत नव्हतं. शेजारी करकंबच्या दगडाबाई आणि त्यांची इंजिनिअर लेक ऋतुजा बोलत होत्या, ते मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

“चिप म्हंजी मोबाईलात असती ती?”

“तशीच, आई. पण हिच्यावर उजेड पाडला की आतली जोडणी बदलते.”

“उजेडाला कसं कळतं काय बदलायचं?”

“एका काचेत सगळ्या जोडण्यांचे नकाशे उमटवून ठेवलेले असतात. लेझर सोडला की हवा तो नकाशा चिपवर पडतो.”

“आन् काच खराब झाली तर?”

“थोडी झाली तरी नकाशा अख्खाच पडतो, जरा पुसट.”

“तुज्या कॉलेजात हाय का ती काच?”

“नाही. जपानात आहे.”

“व्हय. तितनं बोलावणं आलंय की तुला.”



“कुणी सांगितलं?”

“तुज्या भावानं.”

“मी नाही म्हणून कळवणार आहे. तुझ्या डोळ्यांचं कोण बघणार?”

“त्यो हाय की. तू म्होरचं सांग. लेझर कंच्या रंगाचा असतोय?”

तेवढ्यात नर्सनं यशोदाबाईंना आत बोलावलं.

“आधी दुसऱ्या कुणाला घ्या, मला लेझरचा रंग ऐकू दे,” त्या हळूच म्हणाल्या.