सेवापुस्तकात नसलेली रजा

माझं माहेर हिवरा आश्रमाच्या अलीकडचं, आता तिथी डांबरी सडक गेली, तवा बैलगाडीची वाट होती. आम्ही दोघी बहिणी, मोठी चंद्रभागा आन धाकटी मी, पंचफुला. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार, पण त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं का एक तरी पोरगी मास्तरीण झाली पाहिजे, एक तरी म्हणे, म्हणजे दुसरीनं घर पाहाचं. चंदाबाईनं घर पाह्यलं. सकाळी भाकरी थापे, मायसंगं वावरात निंदाले जाय, आन मी दप्तर घेऊन शाळेत. तिले येत नव्हतं असं नाही हो, चौथीपर्यंत तीच माझ्यापुढं होती, मले पाढे शिकोले ते तिनंच. हे आता तुम्ही लिहून घेता म्हणून मी सांगून राह्यली, पण तीसेक वर्षं मी कोणाले सांगतलं नव्हतं, का मले बहीण होती.

डी.एड. झालं, मेहकर तालुक्यातच पहिली शाळा भेटली, लग्न झालं. आमचे हे टेलर. मशीन उचलून माझ्या शाळेच्या गावात आले, लोक म्हणत बायकोच्या मागं आला, हे म्हणत मागं आलो म्हणून दोन टाइम गरम जेवतो, तुम्ही पाहा तुमचं. असा माणूस होता, कोणाचं मनावर घे ना.

चंदाबाई लोणारकडं दिली होती. लय वर्षांनी तिले एक पोरगी झाली, आन पोरगी दीड वर्षाची नाही झाली तं चंदाबाई काविळीत गेली. मी पोचली तवा पोरगी शेजारणीच्या मांडीवर चुरमुरे खात बसली होती, तिले काहीच नव्हतं समजत. जलदान विधी झाला, पाहुणे उठले, आन भाऊजी म्हणाले, बाई, मले दुसरं घर करा लागन, नवी कशी येईन सांगता येत नाही, तुम्ही नेता का पोरीले. मले तवा लेकरू नव्हतं. यांच्याकडं पाह्यलं, हे म्हणाले, ने. बस. कागद नाही, सही नाही, काही नाही. लोणारहून बसमध्ये मी तिले मांडीवर घेतलं, आन मेहकर येता येता ती मले माय म्हणाली. म्हणाली का नाही कोण जाणे, मले तसं ऐकू आलं.

मंग मी काय केलं, बदली मांगतली. लोक सोयीचं गाव मांगतात, मी अनोळखी मांगतलं. जिल्ह्याचं दुसरं टोक, मोताळा तालुका, धामणगाव बढेच्या पलीकडचं खेडं, तिथी आमचं कोणी सोयरं नाही, गणगोत नाही. उतरलो तिघं, नवरा, बायको, पोरगी. लोकायनं पाह्यलं ते मानलं. पोरीचं नाव सुजाता. नाव तेवढं चंदाबाईनंच ठेवलेलं होतं, ते नाही बदललं मी.

आता शाळेत तवा नाव कसं घालत ते सांगते. जून महिन्यात आम्ही घरोघरी फिरो. माय म्हणे, बाई, हा कवा झाला ते आठवत नाही, तवा तूर उभी होती. मंग पोराले उभं कराचं, उजवा हात डोक्यावरून न्याचा, डाव्या कानाले लागला का सहा वर्षं पुरे. लागला का लिहा जूनची पहिली तारीख. अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं, तुम्ही कोणतंही रजिस्टर काढून पाहा. बापाचं नाव सांगतलं ते लिहाचं, कागद कोण पाहे. सुजाताचा हात कानाले लागला तवा दाखल-खारीज रजिस्टर माझ्याच पुढं होतं. मी लिहिलं. बापाच्या जागी यांचं नाव, जन्मगाव आमचं, जूनची पहिली तारीख. यांले घरी येऊन सांगतलं. हे काज करत होते, सुई थांबोली नाही, म्हणाले, लिहिलं तं लिहिलं, पण मोठी झाली का तिले सांगून टाकजो. मी म्हटलं, हाव, सांगीन.

कायचं सांगतलं. मंग मिलिंद झाला, राहुल झाला. सुजाताच्या वाट्याचं कधी कमी नाही पडू देलं मी, उलट पोरं म्हणत आई ताईचीच बाजू घेते. चुकीची असली तरी घेतली. नापास झाली बारावीत, तवा हे रागावले तं मी यांच्यासंगं दोन दिवस बोलली नाही. वर्गात पन्नास लेकरं, घरी तीन, सासू आली तं चौथी, सकाळी डबे, शाळा, निवडणुकीचं काम, जनगणना, पोलिओचा रविवार, आन या सगळ्यात मले एकच भेव, का लोणारकडून कोणी येईन. बस स्टँडवर त्या बाजूचं कोणी दिसलं का मी पदर घेऊन तोंड फिरो. माहेरी जाणं कमी केलं. माय म्हणे काऊन येत नाही व, मी म्हणो सुट्टी नाही. माय मेली तवा एकटीच गेली, सुजाताची परीक्षा होती असं सांगतलं. परीक्षा नव्हती.

पुढं सुजाता परीक्षा देऊन नोकरीले लागली, आन लागली कुठी, पंचायत समितीत, शिक्षण विभागात, कनिष्ठ सहायक. मी पेढे वाटले. मास्तरायचे कागद माझ्या पोरीच्या हाताखालून जातात, मले काय कमी अभिमान वाटला. लग्न झालं, लेकरू झालं, मोताळ्यातच घर केलं.

मले रिटायर व्हाले सहा महिने उरले तवा हेडमास्तरनं सेवापुस्तक हातात देलं, बाई, एकदा पाहून घ्या, पेन्शनच्या फाईलले जाणार हाय. मी मधल्या सुट्टीत पाहाले बसली. पहिली नेमणूक, बदली, वेतनवाढ. मंग प्रसूती रजा, मिलिंदची. मंग प्रसूती रजा, राहुलची. त्याच्या अगोदर काहीच नाही. काय सांगू तुम्हाले, घंटा झाली, लेकरं वर्गात गेली, आन मी तशीच बसली. एवढी वर्षं मी माणसायले भ्याली. माणसं मेली, विसरली, पण हे माझ्याच सहीचं पुस्तक पेटीत पडून होतं, आन मास्तरीण असून माझ्या ध्यानात नाही आलं का बाळंतपण लिहिल्या जाते. आन ते पुस्तक तपासणार कोण, तं माझी पोरगी.

यांले सांगतलं. हे म्हणाले, पाह, आता तरी सांग, तिनं पुस्तकात वाचाच्या अगोदर तू सांग. मी म्हटलं, पान ध्यानात येणार नाही तिच्या. हे म्हणाले, तुह्या हाताखाली शिकली, येईन ध्यानात. मी सुजाताले फोन केला, म्हटलं माझी फाईल तू करू नको, घरच्या माणसाची करू नये, लोक नाव ठेवतील. ती हसली, आई, तुझीच फाईल नाही करीन तं कोणाची करीन. मी बस पकडून मोताळ्याले गेली, मोठ्या बाबूले भेटली, साहेब, तुम्हीच करा माझी फाईल. तो म्हणे, मॅडम, पोरीनं तं सोमवारीच घरी नेली, म्हणे आईची आहे, निवांत पाहीन. तिच्या टेबलापर्यंत गेली मी. ती जेवाले गेली होती. खुर्चीवर तिचं स्वेटर होतं, मले तिथी उभं राहवेना, तशीच परत आली.

रविवारी सुजाता आली, एकटीच. लेकराले का नाही आणलं विचारलं तं म्हणे त्याच्या बाबाजवळ हाय. मी भाजी चिरत होती, वांगे होते. ती पाटावर बसली, फाईल मांडीवर. बाकीचं सगळं बरोबर हाय म्हणाली. मंग म्हणे, आई, माझ्या वेळची रजा नाही दिसत पुस्तकात.

मले उत्तर पाठ होतं. पुस्तक पाह्यलं तवापासून मी तेच घोकत होती. म्हटलं, तू उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली ना बाई, मंग रजा कायले लागते.

ती म्हणाली, आई, राहुल बी मे महिन्यातच झाला. त्याच्या वेळी तू रजा घेतली.

वर्गात पोरं खोटं बोलत तवा मी अशीच शांतपणे विचारो. माझंच शिकोलेलं माझ्यावर आलं. इळी बाजूले सारली आन सांगतलं. चंदाबाई, कावीळ, जलदान, भाऊजी, बस, रजिस्टर, सगळं. हे दाराशी येऊन उभे राह्यले. सुजाता रडली नाही. मले वाटलं रडन, मंग मी तिले जवळ घेईन, मंग सरलं. ती एवढंच बोलली, तिचं पूर्ण नाव काय होतं. मी सांगतलं. तिनं फाईल उचलली आन चारच्या बसनं गेली.

मंग फोन नाही. मी केला तं जावई उचलत, म्हणत कामात हाय. एक हप्ता, दुसरा हप्ता. मले वर्गात गणित चुकाले लागलं, फळ्यावर बेरीज चुकली तं पहिल्या बाकावरची पोरगी म्हणे बाई, हातचा राह्यला. मिलिंदचा पुण्याहून फोन आला, आई, ताई बोलून नाही राह्यली, काय झालं. मी म्हटलं काही नाही. हे मशीनवर बसत आन शिवत नाही, नुसते बसत. फाईल मात्र एक दिवस अडली नाही. हेडमास्तर म्हणाले, बाई, तुमचे कागद सगळ्याच्या अगोदर मंजूर झाले, पोरगी अशी पाहिजे. मी मान हालोली.

निरोप समारंभाले सगळे आले, मले वाटलं ती येणार नाही. आली. मागं बायांत बसली. सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले, बाईनं शाळाही पाह्यली आन तीन लेकरंही आपल्या पायावर उभी केली. मंग कोणी म्हणालं, सुजाताताई, दोन शब्द बोला. माझा जीव कसा झाला असंन तुम्ही समजा. ती उठली, सगळ्यायकडं पाह्यलं, मंग म्हणाली मले बोलता येत नाही, आन बसली. टाळ्या वाजल्या, लोकायले वाटलं पोरीले भरून आलं.

घरी आलो. नारळ, साड्या, सगळं खाटेवर पडलेलं. ती मले म्हणाली, तू मले घेतलं, नाव देलं, त्याचा राग नाही मले. रजिस्टरात मी बी तेच लिहिलं असतं. पण घरात कधीच तिचं नाव का घेतलं नाही. मावशी म्हणून तरी घ्याचं होतं. मले माहीतच नाही का अशी कोणी बाई होती. मंग म्हणाली, तिचा फोटो दे.

आता हे लिहा, गाळू नका. फोटो होता. चंदाबाईच्या लग्नातला, एकच, माझ्या ट्रंकात साडीखाली. सुजाता चार-पाच वर्षांची असताना तिनं तो काढला आन विचारलं, ही कोण. मी म्हटलं कोणी नाही. ती झोपली दुपारी, आन मी तो चुलीत घातला. भेवानं घातला असं मी यांले म्हणत आली, स्वतःलेही. भेव होतंच. पण पोरगी फोटो पाहून म्हणाली होती, किती छान हाय ना ही. ते मले सहन नाही झालं.

हे मी सुजाताले सांगतलं, जसं तुम्हाले सांगून राह्यली तसंच. ती म्हणाली, मंग तोंडी सांग. कशी होती. मी सांगाले लागली, उंच होती, डाव्या गालावर तीळ, हसताना तोंडावर हात ठेवे, भाकरी पातळ करे. ती म्हणाली, आवाज कसा होता. मी तोंड उघडलं आन मले येईच ना. पाढे मले त्या आवाजात पाठ झाले, आन आवाज नाही. इतकी वर्षं दाबून ठेवला तं गेला. तवा मी रडली, ती नाही. तिनं मले पाणी आणून देलं, एवढंच.

आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. मिलिंद पुण्याले, राहुल नागपूरले, बोलावतात, मी जात नाही, माझं मन इथी लागते. सुजाता दर रविवारी येते. आई म्हणते, औषधाच्या गोळ्या डबीत भरून जाते, ब्लड प्रेशर पाहते. आन दर रविवारी एक तरी गोष्ट विचारते. तिले वांगे आवडत का. ती भांडे का. माझ्यावर गाणं म्हणे का. मी जेवढं आठवते तेवढं सांगते, आठवत नाही ते जोडत नाही, तेवढं ठरोलं. मागच्या महिन्यात लोणारकडं जाऊन आली, तिच्या मायचं घर पाहून आली, मले म्हणे चल, मी नाही गेली, गुडघे दुखतात म्हटलं. नातवाले सांगते, तुले दोन आज्या. नातू मले विचारते, दुसरी आजी कुठी हाय, मी म्हणते वर.

पोरगी सुखी राहो, तिच्या मायले मान भेटला, चांगलं झालं. व्हालेच पाहिजे होतं. पण तुम्ही खरं सांगा म्हणता म्हणून सांगते, मी एकटीच माय होती तवा मले जास्त बरं वाटे.