पुढचं डावं चाक

नॉर्बर्ट : ...आणि मी म्हणतो, एकाहत्तराव्या वर्षी बाईमाणसाने गाडीखाली शिरायचं कशाला?

वांडा : खाली कुठे शिरलेय? बाजूला बसलेय. ब्रेकसाठी खाली जावंच लागत नाही. सरक, उजेड अडवतोयस.

नॉर्बर्ट : शेजारधर्म म्हणून सांगतो. एकतीस वर्षं काढलीत मी गाड्यांच्या कारखान्यात.

वांडा : दरवाजाच्या मुठी बसवायचास.

नॉर्बर्ट : मुठीशिवाय गाडीत शिरून दाखव.

वांडा : मूठ बिघडली की पहिली हाक तुलाच मारेन. आता तो पाना दे. तो नाही, बारका.

नॉर्बर्ट : अगं, सव्वादहा झाले. बाराला मार्टी येतोय, गाडीची किल्ली काढून घ्यायला. तुझा पोरगा रॉचेस्टरहून एवढा आला आणि त्याला गाडी अशी लंगडी दिसली, तर किल्लीच काय, तुलाही उचलून नेईल.

वांडा : म्हणून तर आठला बसलेय. उजवं चाक झालंसुद्धा. तिथली ब्रेकची चकती, जुनी डिस्क, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने अशी गंजून बसली होती, की सुटता सुटेना. मग हातोड्याच्या एकेका घावाला एक 'नमो मारिया' म्हटली. अख्खी जपमाळ झाली तेव्हा सुटली.

नॉर्बर्ट : म्हणजे तो आवाज तुझा होता होय! मी आंघोळ करत होतो. 'आम्हा पाप्यांसाठी' धाड! 'आम्हा पाप्यांसाठी' धाड! मी नळ बंद करून गुडघे टेकले.

वांडा : चांगलं झालं. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस आहेत.

नॉर्बर्ट : पण एवढा अट्टहास कशाला? म्हाताऱ्यांसाठी व्हॅन येते की दारात. मंगळवारी येते, गुरुवारी येते.

वांडा : मला बुधवारीही जगायचंय, नॉर्बर्ट.

नॉर्बर्ट : तू आधी माशाला उडवायला नको होतंस.

वांडा : मी उडवलं नाही. मी ब्रेक दाबला. सहा फुटी हॅडॉक मासा रस्त्याच्या कडेला उभा राहून 'तळलेला मासा, चर्चच्या तळघरात, पाच ते सात' अशी पाटी नाचवत होता. मला तो चांगला शंभर पावलांवरून दिसला. पाय पार खालपर्यंत दाबला. गाडी कर्र करत त्याच्याकडेच गेली.

नॉर्बर्ट : लागलं नाही म्हणा त्याला. जाड स्पंजचा मासा. बर्फाच्या ढिगात शेपटी वर करून पडला. त्या संध्याकाळी विक्री दुप्पट झाली म्हणतात.

वांडा : फादरनी माफ केलं. माशाच्या सोंगातल्या स्टॅन्लीने माफ केलं. मार्टी करत नाही. म्हणतो, ब्रेक उत्तम आहेत, बाबांनी स्वतः बसवलेत, तुझाच पाय उशिरा पडतो. आज मासा, उद्या माणूस.

नॉर्बर्ट : परवाही माणूसच होता, वांडा. आतून.

वांडा : हसू नकोस. उजव्या चाकाचे जुने पॅड बघ. हे. बघ नीट.

नॉर्बर्ट : नवेकोरे की!

वांडा : तेच ना. माझ्या नवऱ्याचं शेवटचं काम. कॅझने ऑक्टोबरमध्ये घातले. नाताळाच्या आधी तो गेला. गाडी सारा हिवाळा गॅरेजमध्ये. चार आठवडेच तर चालवतेय मी. पॅड घासलेले नाहीत, कुठे अडकलेले नाहीत, सगळं कसं कॅझने करावं तसं. मग मला वाटायला लागलंय, पोरगा खरं बोलत असेल. असेल पाय उशिरा पडत.

नॉर्बर्ट : हे बघ. एक बाजू ठीक निघाली ना? मग दुसरीही ठीकच असणार. डावीकडचं उघडूच नकोस. दे चाक लावून, मी कॉफी करतो, मार्टी आला की शांतपणे बसून बोलू.

वांडा : ब्रेक जोडीने बदलतात. उजवा नवा आणि डावा जुना ठेवला तर गाडी तिरकी थांबते. ऊठ त्या खोक्यावरून, त्यात डिस्क आहे.

नॉर्बर्ट : तुला हे सगळं कुणी शिकवलं गं?

वांडा : शिकवलं कुणी नाही. चाळीस वर्षं दिवा धरला. 'इकडे धर. तिकडे नको. माझ्या डोळ्यात काय मारतेस? हात स्थिर ठेव, बाई!' त्या चाळीस वर्षांत मी दोनदाच रडले आणि ब्रेक पुरता शिकले. आता पॅड डिस्कवर दाबणारा हा कॅलिपर वर टांगायचा. ब्रेकच्या नळीवर लोंबू द्यायचा नाही. ती तार दे.

नॉर्बर्ट : हा तर कपड्यांचा हँगर आहे. लाकडी दांडीचा. कॅझच्या सुटाचा ना हा?

वांडा : सूट त्याच्याबरोबर शवपेटीत गेला. हँगर राहिला.

नॉर्बर्ट : ...बरोबर आहे. उपयोगी वस्तू.

वांडा : आता बाहेरचा पॅड काढते. हा ठीक. आतला... आतला निघेना. अं. निघाला. नॉर्बर्ट.

नॉर्बर्ट : काय?

वांडा : हा उलटा आहे.

नॉर्बर्ट : उलटा म्हणजे?

वांडा : उलटा म्हणजे उलटा. घासायची बाजू मागे, लोखंडाची पाठ डिस्ककडे. डिस्क बघ, नांगरून काढलीय. लोखंडावर लोखंड! म्हणून कर्र वाजायचं. म्हणून गाडी थांबत नव्हती, उजवीकडे ओढत होती. डावा ब्रेक नावालाच होता. पाय माझा वेळेवर पडत होता, नॉर्बर्ट! वेळेवर!

नॉर्बर्ट : देवा.

वांडा : आता येऊ दे मार्टीला. हा पॅड त्याच्या हातावर ठेवते आणि... थांब. कॅझने उलटा पॅड घातला? कॅझ तर झोपेत घालायचा पॅड. त्याने माझ्या बहिणीच्या लग्नात, कोट न काढता... नॉर्बर्ट, तुझा चेहरा असा का झालाय?

नॉर्बर्ट : उजव्या चाकाचं काम कॅझने केलं.

वांडा : आणि डाव्याचं?

नॉर्बर्ट : त्या दिवशी त्याने तुला बहिणीकडे पाठवलं होतं, आठवतंय?

वांडा : आठवतंय तर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिवा धरायला मी नको होते. आठवडाभर बोलले नाही मी त्याच्याशी.

नॉर्बर्ट : उजवं करता करता त्याच्या हातातलं बळ संपलं. दोन तास लागले त्याला एका चाकाला. पाना तीनदा पडला. मग मला हाक मारली. म्हणाला, तू कर, मी दिवा धरतो. आणि वांडाला बोललास तर तुझ्या दाराची मूठ काढून नेईन.

वांडा : कॅझने दिवा धरला?

नॉर्बर्ट : धरला. दिवा असा हलत होता, वांडा. क्षणात चाकावर, क्षणात झाडावर. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तू म्हणतेस तसं, 'हात स्थिर ठेव' एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघेना. मी चाचपून बसवला. बोटांना वाटलं बरोबर आहे.

वांडा : आणि मी कर्र वाजतंय म्हणून तुला विचारलं, तेव्हा?

नॉर्बर्ट : म्हटलं ना, हिवाळ्याचा गंज असेल, जाईल. मला खरंच तसं वाटलं. एकतीस वर्षांत माझी एक मूठ उलटी बसली नाही.

वांडा : हातोडा दे.

नॉर्बर्ट : वांडा, आपण बोलून...

वांडा : डिस्कसाठी रे! साडेअकरा होत आले. दोन बोल्टांच्या मधे मारायचं, बोल्टांवर नाही. तू गणती सांभाळ. म्हण.

नॉर्बर्ट : नमो मारिया, कृपापूर्णे...

वांडा : जोरात म्हण, मी जोरात मारतेय. आणि ऐक. मार्टीला यातलं काही कळता कामा नये. दुखण्याचं पोराला सांगायचं नाही, अशी कॅझने मलाही शपथ घातली होती. पोराला वाटतं, बाप शेवटच्या महिन्यापर्यंत धडधाकट होता. राहू दे तसंच. मी त्याला नवा ब्रेक दाखवीन, जुना नाही.

नॉर्बर्ट : आणि तरी त्याने किल्ली मागितली तर?

वांडा : म्हण रे पुढचं!

मार्टी : आई! नॉर्बर्टकाका! हे काय चाललंय? गाडीला चाक नाही, तुम्ही प्रार्थना म्हणताय. कुणी गेलं का?

वांडा : लवकर आलास. कोणी गेलेलं नाही, डिस्क आत्ता निघाली. नवी बसवली की झालं. हाताला तेल आहे, मिठी मारू नकोस.

मार्टी : मी फोनवर काय सांगितलं होतं? गाडी हलवू नकोस.

वांडा : चाक काढून ठेवलंय. याहून न हलणारी गाडी दाखव.

मार्टी : हे बघ, मला भांडायचं नाहीये. पण मुद्दा ब्रेकचा नाहीच. ब्रेक बाबांनी केले होते. बाबांनी केलेला ब्रेक पाच महिन्यांत जात नाही. मुद्दा तुझ्या पायाचा आहे. तू नवे घाल, सोन्याचे घाल, पाय तोच. किल्ली दे.

वांडा : आधी चाक लावू दे.

मार्टी : लाव. पण चाक लावल्यावर किल्ली मला. कबूल?

नॉर्बर्ट : वांडा, बोल की.

वांडा : तू कॉफी करणार होतास ना?

मार्टी : आई, कबूल?

वांडा : ...ठेवलीय खिडकीत. घे.

नॉर्बर्ट : घेऊ नकोस! मार्टी, त्या खिडकीला हात लावू नकोस. तुझ्या आईच्या एप्रनच्या खिशात एक पॅड आहे. तो मी बसवला. उलटा. तुझी आई वेळेवर थांबत होती. गाडी थांबत नव्हती.

वांडा : नॉर्बर्ट!

नॉर्बर्ट : घेऊन जाऊ दे त्याला माझ्या दाराची मूठ. बसेन आत कोंडून.

मार्टी : कुणाला? काय मूठ? तुम्ही का बसवलात? बाबा कुठे होते?

नॉर्बर्ट : दिवा धरून उभा होता. त्याचे हात थरथरत होते, बाळा. पाना धरवत नव्हता.

मार्टी : ऑक्टोबरमध्ये?

वांडा : ऑगस्टपासून. पण पानाही धरवत नव्हता, हे मला आज कळलं.

मार्टी : मी दर रविवारी फोन करत होतो.

वांडा : फोनवर हात दिसत नाहीत रे.

मार्टी : दाखव तो पॅड.

वांडा : घे. जड आहे. ही घासायची बाजू, हे लोखंड. लोखंड चकाकतंय, बघ. घासायच्या बाजूवर ओरखडासुद्धा नाही.

मार्टी : ...आणि तू हे मला सांगणार नव्हतीस. किल्ली देऊन मोकळी झालीस.

वांडा : तुझ्या बापाचा शब्द होता. हं, नवी डिस्क बसली, पॅड बसले, चाकही चढलं. आता उभा राहू नकोस, नट आवळ; वर्तुळासारखे नको, समोरासमोरचे. एक इथला, एक पलीकडचा. हां. नॉर्बर्ट, जॅक खाली घे. सावकाश.

मार्टी : झालं? मी मागे घेतो गाडी.

वांडा : घे. बस. चालू करायच्या आधी ब्रेक दाब.

मार्टी : आई, पेडल सरळ खाली जातंय! ब्रेकच नाही!

वांडा : नवे पॅड आहेत, पहिल्यांदा तसंच जातं. परत दाब. अजून. अजून. टणक लागेपर्यंत दाबायचं. हे विसरतात ते लोक आपल्याच गॅरेजचं दार घेऊन रस्त्यावर येतात. लागलं टणक?

मार्टी : लागलं.

वांडा : मग उतर. तिकडच्या बाजूला बस.

मार्टी : आई...

वांडा : तिकडच्या बाजूला, मार्टी. नॉर्बर्ट, तू कुठे चाललास?

नॉर्बर्ट : मागे बसतोय. ब्रेक लागला नाही तर मी गाडीत असलेला बरा. न्यायाला धरून होईल.

(गाडी रस्त्यावर. गल्लीच्या टोकाला थांबायची लाल पाटी.)

मार्टी : हळू. अजून हळू.

वांडा : पंधराने चाललेय. मघाशी एक कुत्रं पुढे गेलं आपल्या.

नॉर्बर्ट : साखळीला बांधलेलं होतं.

मार्टी : आई, पाटी आली. पाटी आली, आई!

वांडा : दिसतेय.

नॉर्बर्ट : थांबली! आवाजसुद्धा नाही. अगदी रेघेवर थांबली. मार्टी, रेघ बघ!

मार्टी : बघितली.

नॉर्बर्ट : या वेळी मी बसवला नाही म्हणून नीट बसला.

मार्टी : आई, रस्ता मोकळा आहे. कोणी येत नाहीये. जा.

वांडा : थांबलीय ना? मग थांबू दे की जरा.