शेऱ्याचा रकाना

दत्ताभाऊ, सिस्टरच्या सासूबाई, वाड्यांवरून चालत आलेल्या माझ्या बहिणींनो, आणि शाळेच्या या पडवीत दाटीवाटीनं बसलेल्या सगळ्या मंडळींनो,

बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी हात वर केला तेव्हा सरपंचांनी विचारलं, आपण कोण? त्यांचं चुकलं नाही. मला इथं कुणी ओळखत नाही. मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातला लिपिक. सुनंदा सिस्टरचा प्रत्येक कागद गेली अकरा वर्षं माझ्या टेबलावरून गेला. एवढीच आमची ओळख.

येताना चार ओळी लिहून आणल्या होत्या. सेवाभावी, हसतमुख, वगैरे. त्या खिशातच राहू देत. मला आज दुसरंच सांगायचंय, आणि ते सांगितल्यावर तुम्ही मला इथं बसू द्याल की नाही, मला माहीत नाही.

मंडळी, सिस्टर कशा होत्या हे मी तुम्हाला काय सांगणार? तुमची पोरं त्यांच्या हातावर जन्मली. मला त्या दिसायच्या टेबलापलीकडून, महिन्यातून एकदा, मासिक सभेला. पावसाळ्यात चपला हातात आणि रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत. ऑफिसात शिरताना आधी शिपायाच्या आईची चौकशी करायच्या, मग साहेबांना नमस्कार. करवंदांच्या दिवसात आमच्यासाठी पानाचा द्रोण भरून करवंदं आणायच्या. आम्ही ती खायचो, आणि सभेत त्यांना विचारायचो की अहवालाला उशीर का झाला.

उशीर का व्हायचा? तेच सांगतो.

कर्जत आणि खालापूर जिथं एकमेकांना टेकतात, त्या डोंगराच्या अंगाला तीन उपकेंद्रं आहेत. तुम्ही त्यांना खालचं, मधलं, वरचं म्हणता, मीही तेच म्हणतो. सिस्टरची नेमणूक खालच्याला. मधल्या सिस्टर बदली होऊन गेल्या. वरच्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मग सुनंदा सिस्टरना ऑर्डर गेली, पुढील आदेश होईपर्यंत दोन्ही ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार सांभाळावा. ती ऑर्डर मीच टाइप केली. आमच्याकडे पुढील आदेशापर्यंत म्हणजे कायमचं, हे टाइप करणाऱ्यालाही कळतं आणि ऑर्डर घेणाऱ्यालाही.

शनिवार-रविवारी पळसदरीच्या धरणाकडे आणि माथेरानच्या वाटेला गाड्यांची रांग लागते. नेरळला दर वर्षी नव्या इमारती उभ्या राहतात. माणसं वाढली, बाळंतपणं वाढली, साप चावायचे थांबले नाहीत. आणि या तीन उपकेंद्रांना बाई एक. सोमवारी खाली, मंगळवारी मध्ये, बुधवारी वर, पुन्हा गुरुवारी खाली. मध्येच कुणाला कळा आल्या की ते वेळापत्रकही मोडलं.

आता ज्यासाठी उभा राहिलो, ते.

मागच्या अधिवेशनात कुणा आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला. डोंगराळ भागातल्या उपकेंद्रांत आरोग्यसेविका नसल्यानं रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय? सभागृहात उत्तर मंत्री देतात. पण मंत्र्यांना वरच्या वाडीचं काय ठाऊक असणार? ते खात्याला विचारतात, खातं जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला. तालुक्यात तो प्रश्न माझ्या मोबाईलवर येऊन पडतो. दुपारी येतो आणि खाली लिहिलेलं असतं, माहिती आजच्या आज.

सोबत एक तक्ता होता. उपकेंद्राचं नाव. आरोग्यसेविका कार्यरत आहे काय, होय किंवा नाही. आणि शेवटी शेरा.

मी लिहिलं. खालचं, होय. मधलं, होय. वरचं, होय.

खोटं होतं का? सिस्टर तिन्हीकडे काम करतच होत्या की. मधल्याला आणि वरच्याला मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, अतिरिक्त कार्यभार, खालच्या उपकेंद्राच्या सेविकेकडे. ते वाचलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं की तिन्ही ठिकाणी बाई एकच आहे.

तासाभरात फोन आला. शेरा काढा. शेरा असला की उपप्रश्न निघतात, मग मंत्रीसाहेबांना सभागृहात उभं राहून खुलासा करावा लागतो. मी म्हटलं, बरं. मी तो रकाना काढला. कॉम्प्युटरवर एक रकाना काढायला काय लागतं? एक बटण दाबायचं असतं.

आठवड्यानं उत्तर छापून आलं. हे खरे नाही. सदर तिन्ही उपकेंद्रांत आरोग्यसेविका कार्यरत आहेत. आणि कार्यवाही, विलंब, कारणं, या सगळ्यापुढं एकच, प्रश्न उद्भवत नाही.

सिस्टर गेल्यापासून हे दहा दिवस तुम्ही मंत्र्यांना शिव्या घालताय. घाला, मी अडवणार नाही, माझ्याही तोंडात येतात. त्यांनी एकदा या डोंगराखाली गाडी थांबवून विचारलं असतं तर? पण त्यांनी त्या दिवशी वाचून दाखवलं ते माझं होतं. अक्षर न् अक्षर माझं.

ते उत्तर सिस्टरपर्यंतही पोचलं. पुढच्या सभेला आल्या आणि सरळ माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, आमी तिघी हाव म्हणं. मंग त्या दोघींना सांगा ना, आज वरच्या वाडीत तुमी जा. माजे पाय लय दुखत्यात."

सगळं ऑफिस हसलं. मी हसलो. सगळ्यात जास्त त्या हसल्या.

आता पुढचं सांगू की नको, असं मी काल सिस्टरच्या यजमानांना, दत्ताभाऊंना, घरी जाऊन विचारलं. बायकांचं दुखणं, चारचौघांत बोलावं का? ते म्हणाले, बोला, तिनं लपवलं म्हणून तर हे झालं. म्हणून बोलतो.

सिस्टरना गर्भपिशवीचा त्रास होता. महिनोन्महिने अंगावरून जात होतं. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त बघणारी ही बाई, स्वतःचं रक्त बघायला पनवेलला गेली तेव्हा डॉक्टर तिलाच रागे भरले. ऑपरेशन लगेच करा, महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही. तो दाखला जोडून सिस्टरनी रजेचा अर्ज दिला. अकरा वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली मोठी रजा.

रजेच्या पत्राचा आमच्याकडे ठरलेला मसुदा असतो. मी नाव बदलतो, तारीख बदलतो, साहेब सही करतात. मसुद्यात एक वाक्य असतं. रजेच्या काळात आपला कार्यभार नजीकच्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेकडे सोपवून तसा अहवाल सादर करावा, त्यानंतरच रजेवर जावे.

नजीकचं उपकेंद्र कोणतं? मधलं. मधल्याची सेविका कोण?

कळलं ना तुम्हाला? मला नाही कळलं. मी नाव बदललं, तारीख बदलली आणि पत्र पाठवून दिलं.

सिस्टर ते पत्र घेऊन आल्या. या वेळी हसत नव्हत्या. टेबलाच्या कडेला धरून उभ्या राहिल्या, कारण उभं राहवत नव्हतं. हे मला आज कळतंय, तेव्हा वाटलं घाईत आहेत. पत्र पुढं केलं आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी माज्याकडचा चार्ज माज्याकडंच देऊ काय? सही कुठं करू, देणाऱ्याच्या जागी का घेणाऱ्याच्या?"

मी त्यांना बसा म्हटलं नाही. म्हटलं, वर विचारून सांगतो.

विचारलं. खरंच विचारलं, हे मात्र माझ्या पदरात टाका. म्हटलं, तीन पदं आणि बाई एक आहे, महिनाभरासाठी कुणीतरी द्या. उत्तर आलं की पदं भरलेली आहेत असं सभागृहात सांगून झालंय. आता तीच पदं रिक्त म्हणून माणूस मागितला, तर सभागृहाची दिशाभूल केल्याचा ठपका येईल, हक्कभंग होईल. कुणावर येईल? तक्ता ज्यानं पाठवला त्याच्यावर.

म्हणजे माझ्यावर. मी घाबरलो. माझी चार वर्षं राहिलीत. पेन्शनच्या तोंडावर चौकशी लागली तर काय होतं, ते मी माझ्याच ऑफिसात पाहिलंय. मी सिस्टरना सांगितलं, जरा थांबा, पुढच्या महिन्यात बघू. त्या बरं म्हणाल्या. पोलिओचा डोस होऊन जाऊ दे, मंग जाते. पोलिओ झाला. मग कुष्ठरोगाचा सर्व्हे आला. मग वरच्या वाडीत दोघी जणी दिवसांत होत्या, त्या मोकळ्या होऊ देत म्हणाल्या. त्या मोकळ्या झाल्या. दोन्ही पोरं छान आहेत, आत्ताच बाहेर एकाचं रडणं ऐकलं मी.

आणि मग तो दिवस. वरच्या वाडीत लसीकरण आटपून सिस्टर भर उन्हात उतरत होत्या. खांद्याला लशीचा डबा. अर्ध्या वाटेत दगडावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. सोबत होत्या त्या बहिणी इथं बसल्यात. त्यांनी मला सांगितलं, बाय शेवटपर्यंत एकच बोलत होती, "डबा सावलीत ठेवा गं." तुम्ही चौघींनी त्यांना खाली आणलं, पाचवीनं डबा आणला. रस्त्यावर टेंपो मिळाला. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत अंगात रक्त उरलं नव्हतं. लशी मात्र नीट होत्या. त्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात वापरल्या.

दत्ताभाऊ, मी तुमच्याकडे माफी मागायला आलेलो नाही. माफी मागायला माणसाला आधी थांबावं लागतं, आणि मी अजून थांबलेलो नाही. हेच मला सांगायचंय.

परवा महिनाअखेरचा तक्ता भरायचा होता. मी तिन्हीकडे लिहिलं, रिक्त. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, मागच्या महिन्यात तिन्ही भरलेली दाखवलीत, मृत्यू एकीचा झाला, मग रिक्त तीन कशी? मेळ बसत नाही. हिशेबानं त्यांचं खरं होतं. मी खालच्या उपकेंद्रापुढं लिहिलं रिक्त. मधल्यापुढं लिहिलं होय. वरच्यापुढं लिहिलं होय.

हो. लिहिलं. सिस्टरचं दहावं व्हायच्या आधी, याच हातानं लिहिलं.

मंडळी, मला मारायचं असेल तर मारा. माझ्या तोंडाला काळं फासलंत तरी मी कुठं तक्रार करणार नाही. पण त्यानं वरच्या वाडीत बाई येणार नाही. माझ्या जागी दुसरा लिपिक येईल, त्यालाही चार नाहीतर चौदा वर्षं काढायची असतील. मला यातून वाट दिसत नाही. शोकसभेत शेवटी माणूस काहीतरी धीराचं बोलतो. माझ्याजवळ तसं काही नाही.

उद्या वर लसीकरणाचा वार आहे. लांबच्या पाड्यांवरून बायका पोरं कडेवर घेऊन निघतील. सगळ्यांना अजून कळलेलं नाही. त्या येऊन उपकेंद्राच्या पायरीवर बसतील, आणि दुपारपर्यंत बसून राहतील, कारण बाई उशिरा येते पण येतेच, हे त्यांना अकरा वर्षं माहीत आहे. ज्यांचं घर त्या वाटेवर आहे त्यांनी पहाटेच तिकडं जा, एवढं करा. त्यांना सांगा की आता कुणी येणार नाही. कागदावर काही का असेना.

सिस्टर, तुम्हाला हात जोडतो. बसा म्हणायला हवं होतं मी.

उठा मंडळी. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.